स्कॉटिश तलवारीला माझ्या हाताचं माप

फोर्टातले एक निर्यातदार शेठ वर्षानुवर्षं सांगत आलेत, की अंधेरीच्या एका कारखानदारानं त्यांचा हात तलवारीत अडकवून ऑर्डर पक्की करून घेतली. तो कारखानदार मी. त्यांची बाजू सगळ्यांनी ऐकली आहे; आता माझी लिहितो.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. नोकरी सोडून मी औद्योगिक वसाहतीत गाळा घेतला होता. दाराच्या कड्या, पितळी मुठी असली कामं करायचो. या शेठनी एक चित्र आणून दिलं. स्कॉटलंडची जुनी तलवार, भिंतीवर लावायला, चोवीस नग. धार नको, बाकी सगळं जुन्यासारखं. मुठीभोवती लोखंडी पट्ट्यांची जाळीदार टोपली, आत लाल अस्तर. माझी ही पहिली परदेशी ऑर्डर. ती फिसकटली असती तर पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली हजेरी लावायला जावं लागलं असतं.

भाव करायचा तर माल माहीत हवा, म्हणून मी लायब्ररीत बसून एक इंग्रजी पुस्तक चाळलं. डोंगरातले ते लोक ही तलवार घेऊन लढायचे; टोपली असायची ती बोटं तुटू नयेत म्हणून. टोपली ते स्वतः घडवायचे, पाती मात्र बहुतेक जर्मनीहून यायची आणि त्यांवर नाव ठोकलेलं असायचं एका इटालियन कारागिराचं, कारण त्या नावाला भाव होता. पुढे त्यांचं बंड मोडलं, सरकारनं हत्यारांवर बंदी आणली. मग ही तलवार पलटणीतल्या साहेबांच्या कमरेला राहिली आणि शेवटी दिवाणखान्यात गेली. वाचून बरं वाटलं. आपल्याकडेही फिरंगी पाती घेऊन त्यांना आपल्या मुठी बसवायचेच की.

चित्रात पात्याची लांबी दिली होती, टोपलीची उंची दिली होती. ती आतून किती मोकळी हवी, ते कुठंच नव्हतं. मी माझ्या मुठीचं माप धरलं. आमचा मिस्त्री मरोळगावातल्या ख्रिस्ती घरातला, लोखंडातला पक्का माणूस. पहिली टोपली वळवून झाल्यावर तो म्हणाला, ‘‘तुझा हात बघ केवढासा. गोऱ्या माणसाची तर बोटंपण नाय जायची यात.’’

‘‘भिंतीवर टांगायची आहे रे. हात कोण घालतंय?’’

‘‘सगळे घालतात.’’

मी आवाज चढवला. त्यानं चोवीस टोपल्या माझ्या मापानं केल्या.

शेठ माल बघायला आले. खुर्चीवरही बसले नाहीत. पहिली तलवार उचलली आणि सरळ टोपलीत हात घातला. मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

‘‘हे काय बनवलंय? लहान मुलांचा खेळ? सगळा माल कॅन्सल,’’ शेठ म्हणाले आणि हात काढायला गेले. हात निघेना. पुष्कराजाची मोठी अंगठी दोन पट्ट्यांच्या मध्ये बसली होती.

साबण लावला, तेल घातलं. बोट सुजलं. मिस्त्री हॅक्सॉ घेऊन आला तसा मी त्याला थांबवलं.

‘‘शेठ, माल कॅन्सल म्हणजे तलवार माझी. माझी चांगली टोपली मी कापू देणार नाही.’’

‘‘अहो, माझं बोट काळं पडतंय.’’

‘‘आणि ऑर्डर उभी असेल, तर सगळ्या टोपल्या मी नव्यानं मोठ्या करून देतो. मग ही आत्ता कापायला माझी ना नाही. दर तोच, पंधरा दिवस जास्त.’’

‘‘आणि अस्सल दिसायला नको? अंधेरीचं पातं घालून?’’

‘‘अस्सल तलवारींची पाती तरी कुठं स्कॉटलंडची होती?’’ मी म्हटलं आणि पुस्तकातलं सगळं सांगितलं. शेठ एका हातात तलवार घेऊन उभे, दुसऱ्या हातानं कपाळ पुसतायत. मिस्त्री म्हणाला, ‘‘शेठ, हो म्हणा. हा माणूस पुस्तक संपवल्याशिवाय थांबायचा नाय.’’

शेठना हसू आलं. ‘‘ठीक आहे. कापा.’’

दोन पट्ट्या कापल्यावर हात सुटला. त्यांनी बोट चोळलं, खुर्चीवर बसले, चहा घेतला. नंतर मी नवी मुदत लिहिलेला कागद पुढे केला आणि त्यांनी त्यावर सही केली.

त्या रात्री घरी नीट झोप लागली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला म्हटलं, ‘‘तुझ्या मुठीचं माप घे.’’ त्याची मूठ नारळाएवढी. चूक झाली, हे शब्द काही माझ्या तोंडून निघाले नाहीत. त्यानंही ते मागितले नाहीत. चोवीसच्या चोवीस तलवारी मुदतीत गेल्या, एकही परत आली नाही. गाळा टिकला. त्यानंतर मी कुणाकडे नोकरी केली नाही.

शेठनी पुढचं काम मात्र मुलुंडच्या एकाला दिलं आणि बाजारात माझ्याबद्दल सांगत सुटले. माझं म्हणणं एवढंच आहे. ते सही उजव्या हातानं करतात. उजवाच हात टोपलीत होता. सही झाली ती हात मोकळा झाल्यावर, चहा पिऊन, गाळ्याचं दार उघडं असताना. नको असती तर उठून जायचं होतं.