काळ्या मार्करखालचं बाळ

इटलीतल्या सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या चर्चमधली भिंतीवरची चित्रं एकदा समोर उभं राहून बघायची, एवढंच माझ्या बायकोचं मागणं होतं. लग्नाआधी ती शाळेत चित्रकला शिकवायची. सोनं, साड्या यांचा तिला सोस नव्हता, त्यामुळे मी स्वस्तात सुटलो असं मला वाटे. मी रियाधला एका बँकेत होतो. नव्वद सालच्या हिवाळ्यात जायचं पक्कं झालं, रजा मंजूर झाली आणि इराकने कुवेत घेतलं. आमची इटली खलास.

सहा वर्षांच्या लेकीला एका सहकाऱ्याच्या कुटुंबाबरोबर सांगलीला मावशीकडे धाडलं. बायकोनेही जावं म्हणून मी अक्षरशः हातापाया पडलो. "तुम्हाला साधी खिचडी येत नाही," म्हणून ती राहिली. त्या दिवसापासून घर इतकं शांत झालं की फ्रिजचा आवाजही बरा वाटायचा.

तिची समजूत काढायला तिच्या भावाने मुंबईहून कुणाबरोबर तरी त्या चर्चमधल्या चित्रांचं जाडजूड पुस्तक पाठवलं. रियाधच्या विमानतळावर तपासणीवाल्याने काळा मार्कर घेऊन पान न पान पाहिलं होतं. काम एकदम चोख. जिथे उघडं अंग, तिथे काळं. बायकोच्या लाडक्या चित्रात मेरी बाळाला पाजत होती. तिची छाती झाकताना त्याच्या मार्करखाली बाळाचं डोकंही गेलं. उरलं ते गुबगुबीत धड आणि दोन पाय.

जानेवारीत इराकची स्कड क्षेपणास्त्रं पडू लागली. सायरन वाजला की आम्ही विषारी गॅसच्या भीतीने खिडक्यांना चिकटपट्टी मारलेल्या खोलीत जायचो, दाराखाली ओला टॉवेल सारायचो आणि पुस्तक उघडायचो. बायको गाइड व्हायची. "आता उजवीकडे वळा, वर बघा," म्हणायची. मी गादीवर बसल्याबसल्या वळायचो, वर बघायचो. वर पंखा. काळा डाग आला की ती म्हणायची, "इथे दुरुस्ती चालू आहे, पुढे चला." फक्त त्या बाळापाशी ती थांबायची आणि बोटाने तो डाग घासत राहायची. मला ते बघवेना.

मार्कर मारलेल्या मासिकांवर इकडचे आपले लोक नेलपॉलिश रिमूव्हर लावायचे. एका संध्याकाळी सायरन झाला तेव्हा ती चहाचा थर्मास भरत होती. तेवढ्यात खोलीत जाऊन मी कापसाचा बोळा भिजवला आणि घासायला बसलो. डाग गेला. त्याबरोबर खालचं चित्रही गेलं, कागद पांढराफटक झाला. गडबडीत बाटली गादीवर लवंडली, आणि बंद खोलीत तो वास असा भरला की डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. मी दार उघडलं.

शेजारी दापोलीकडचे चाचा राहायचे, कापडाचे व्यापारी. वास त्यांच्यापर्यंत गेला. गॅस मास्क चढवून ते दार बडवू लागले. "गॅस आला रे बाबा! यल्ला, बाहेर पडा!" मी बाटली दाखवली. त्यांनी मास्क वर केला, हुंगलं आणि म्हणाले, "सद्दामनं नाय मारलं, आता तू मारशील आमाला!"

बायको हसली नाही. तिने ती पांढरी जागा पाहिली आणि रडायलाच लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग डोळे पुसून तिने पेन्सिल घेतली आणि त्या जागी डोकं काढायला लागली. कपाळ, नाक, बारीक जिवणी. ती आमची लेक होती. कानापाशी हात थांबला.

"तिचा तीळ डाव्या कानामागे की उजव्या?"

मी उजव्या म्हणालो. मग डाव्या म्हणालो. चाचा मास्क डोक्यावर ठेवून तसेच उभे होते. आम्हा दोघांनाही आठवेना. सांगलीला फोन लागला नाही. बाळ तसंच बिनतिळाचं राहिलं.

लढाई संपली, लेक परत आली, आणि पुढच्या वर्षी आम्ही तिघं खरोखर त्या चर्चमध्ये गेलो. भिंतीवरचं ते बाळ म्हणजे टक्कल पडत आलेला, कपाळाला आठ्या घातलेला छोटा म्हाताराच होता. शाळेत दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलणारी आमची लेक सांगलीचं पाणी पिऊन आली होती. ती ओरडली, "आई, हे बाळ कुठलं? हे आजोबा दिसायलंय की!" मला हसू आवरेना.

बायकोने चित्राकडे पाठ फिरवली. लेकीला उजेडात ओढलं, तिचे केस बाजूला केले आणि दोन्ही कानांमागे पाहिलं.

"डाव्या," ती म्हणाली.

मग एवढ्या लांबून ओढत आणलेलं ते पुस्तक तिथेच फरशीवर उघडून तिने पेनाने बाळाला तीळ दिला.