बोहनीची रिंग

बाजार कालच होऊन गेला होता, म्हणजे पुढचा यायला पुरे सहा दिवस. आणि केसरबाईचा पाय काही घरात ठरेना. भांडी घासायला बसायची अन् अर्ध्यातच उठून अंगणात यायची. चुलीवर चहा मांडायची अन् पत्ती टाकायलाच विसरायची. सून महामाया सगळं पाहत होती, पण बोलत नव्हती. बोलून तिने एकदा पाहिलंच होतं.

तर ही केसरबाई. मोताळ्याच्या बाजारात बावीस वर्षांपासून लहान लेकरांच्या सामानाचं दुकान मांडणारी. दुकान म्हणजे एक ताडपत्री अन् चार बांबू. त्यावर झबली, टोपडी, खुळखुळे, दुधाच्या बाटल्या आणि दात येणाऱ्या लेकरांना चावायला मऊमऊ लाल-पिवळ्या रिंगा. माल मलकापूरच्या ठोक दुकानातून आणायचा. नवरा जानराव गेला तेव्हा पोरगा दुसरीत होता. या ताडपत्रीवरच त्याला शिकवलं, त्याचं लग्न केलं. बाईचं तोंड फटकळ, पण लेकरू दिसलं की विरघळली. नुसत्या हिरड्या पाहून दात कधी येणार ते सांगायची, आणि ते सहसा खोटं ठरत नव्हतं.

नजर लागणं, दृष्ट काढणं, काळा दोरा बांधणं, यातलं ती काही मानायची नाही. बुद्धविहारात कोणी तसलं बोललं तर त्याची चांगली हजेरी घ्यायची. पण बोहनी मानायची. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक लेकरू घेऊन आलं, की एक रिंग फुकट, आणि ती लेकराच्या तोंडात केसरबाईच्याच हातानं. मग बाजार चांगला जातो, असा तिचा बावीस वर्षांचा हिशेब. लेकराची आई म्हणाली, "वास येऊन राह्यला वो याले," तर हिचं उत्तर ठरलेलं, "वास येते म्हंजे नवा माल हाय, बाई."

महामाया अंगणवाडीत सेविका. उन्हाळ्यातच ती म्हणाली होती, "आई, या मऊ रिंगा नोका ठेवू. आमाले ट्रेनिंगमंदी सांगतलं."

"बावीस साल झाले विकून राह्यली मी. एक तरी लेकरू आजारी पडलं काय? तुहं ट्रेनिंग तुह्यापाशी ठेव," केसरबाई म्हणाली होती. विषय तिथंच संपला.

त्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी, तिनं टिनाच्या खोलीतला मालाचा डबा काढला होता. पारदर्शक, कडक प्लास्टिकचा, झाकणाचा. उन्हाळाभर रिंगा त्यातच पडून होत्या. तळाची एक रिंग चिकटली होती, ती ओढून काढली तर खाली डब्यात गोल खाच पडलेली. बोटाला चिकट लागत होती. नख घातलं तर नख आत गेलं. अशी खाच तिनं आधीही पाहिली होती, पण उन्हानं झालं असेल म्हणून सोडून दिलं होतं. आज ती खाली बसली. एवढा कडक डबा, आणि या मऊ रिंगेनं तो खाल्ला होता.

"महामाया, इकडं ये वं."

सुनेनं डबा हातात घेऊन पाहिला. "मऊ व्हाव म्हणून त्यात एक रसायन घालतात, आई. ते सुटतच राह्यते. एका दिवसात काही होत नाही, पण लहान जिवाले ते चांगलं नाही. डब्यात उतरलं, त लेकराच्या लाळेत नाही उतरणार?"

केसरबाईनं डब्याला झाकण लावलं. तिनं मलकापूरला फोन लावला. हा माल कशाचा हाय, म्हणून विचारलं. दुकानदार हसला. "केसरबाई, तुमाले विकाचा हाय का खाचा?"

"लेकरं खातात ना, भाऊ," म्हणून तिनं फोन ठेवला.

बावीस वर्षांची लेकरं आता कुठं शोधायची? त्यातले काही तर स्वतः बाप झाले असतील. पण एक लेकरू तर कालचंच होतं. कालची बोहनी. सात महिन्यांचं, गोरंपान, गालाला तीट लावलेलं. तिनंच दोन बोटांनी रिंग त्याच्या तोंडात दिली होती, आणि ते हसलं होतं. ना त्याचं गाव माहीत, ना आईचं नाव.

शनिवारी ती मोताळ्याच्या स्टँडवर दिवसभर बसली, येणाऱ्या-जाणाऱ्या बायांच्या कडेवरची लेकरं पाहत. "कुठी जाऊन राह्यल्या?" सुनेनं विचारलं, तर म्हणाली, चहापत्ती आणाले. संध्याकाळी पत्तीशिवायच परत आली. सोमवारी पुन्हा गेली. रात्री कूस बदलून बदलून अंग दुखलं. जेवण नावाला.

बाजाराच्या दिवशी ताडपत्रीवर रिंगा नव्हत्या, बाटल्याही नव्हत्या. स्टीलच्या वाट्या-चमचे होते, सुती झबली होती. बोहनी कोण करून गेलं, तिला कळलंही नाही. तिचे डोळे रस्त्यावर. अकराच्या सुमाराला ती बाई दिसली. कडेवर तेच लेकरू, गळ्यात दोऱ्याला बांधलेली लाल रिंग, अन् रिंग तोंडात.

केसरबाई दुकान तसंच टाकून धावली. "काढ ते. त्याच्या तोंडातून काढ, बाई."

"काऊन, मावशी? तुमीच त देल्ली होती."

"हाव, म्याच देल्ली. चुकलं माहं. ते चांगलं नाही त्याले." मग रस्त्यातच उभी राहून तिनं डब्याची गोष्ट सांगितली, काही न लपवता.

प्रतीक्षा, हे त्या पोरीचं नाव, घाबरली. दोरा सोडून तिनं रिंग काढली. लेकरानं टाहो फोडला. ती खालच्या मानेनं म्हणाली, "मावशी, त्या दिवशी म्या अजून दोन नेल्ल्या होत्या. जावेच्या जुळ्यांले. नवा माल हाय म्हणल्या तुमी."

केसरबाईनं तिच्या हातातली रिंग काढून घेतली. "गाव कोणतं तुहं?"

"रोहिणखेड."

तिनं ताडपत्रीची चार टोकं उचलून गाठ मारली. शेजारी मिरच्या विकणारा शालिग्राम म्हणाला, "अवो, बाजार त आता भरून राह्यला."

"भरू दे."

रोहिणखेडच्या रिक्षात लेकरू रिंगेसाठी रडतच होतं. केसरबाईनं लोट्यातल्या पाण्यानं बोट चोळून चोळून धुतलं आणि त्याच्या तोंडात दिलं. ते गप्प झालं, जोरानं चावू लागलं. खालच्या हिरडीत काहीतरी टोचलं. तिनं बोट तसंच राहू दिलं.

"दात आला काय, मावशी?" प्रतीक्षानं विचारलं.

"हाव, आला," केसरबाई म्हणाली, अन् पुढं वाकून रिक्षावाल्याला म्हणाली, "जरा लवकर घे, बाबा."