शनीची कडी आणि बावीस मिनिटं

तुम्ही दोघं तेव्हा जर्मनीत, फोनच्या पलीकडे होतात. पलीकडून तुम्हाला माझं अर्धं कपाळ आणि घरातला पंखा एवढंच दिसायचं, अशी तुमची तक्रार. म्हणून पंख्याखाली सोलापुरात नक्की काय चाललं होतं, ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

सुरुवात तुमच्या बाबाच्या फोनने झाली. तुमच्या शाळेच्या शरदातल्या दोन आठवड्यांच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून एका बेटावर जायचं. बेट स्पेनचं, पण आहे आफ्रिकेच्या बाजूला समुद्रात. नाव ला पाल्मा. खाली केळीच्या बागा, मधोमध उंच डोंगर आणि डोंगरमाथ्यावर ओळीने वेधशाळा. "आई, तुझ्यासाठीच निवडलंय," असं तो म्हणाला आणि मी चिरत असलेली भेंडी तशीच राहिली.

का राहिली ते सांगायला हवं. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. सूर्यमालेचा एक जुना तक्ता होता, त्यावरून छडी फिरवत मी शनीपाशी यायची. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, ही कडी तुम्ही स्वतः बघितलीत?" मी "हो" म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. सगळा वर्ग माझ्याकडे आदराने बघू लागला. तो आदर मला आवडला असावा, कारण पुढच्या वर्षी कोणी न विचारताच मी ते सांगितलं. निवृत्तीपर्यंत सांगत राहिले. शेवटी शेवटी तर कडी किंचित पिवळसर दिसतात, असा तपशीलही घालायला लागले होते. आता तीस वर्षांतल्या सगळ्या मुलींना गाठून माफी मागणं शक्य नव्हतं. पण एकदा खरंच बघून आले असते, तर निदान उशिरा का होईना, ते खरं झालं असतं.

मी निळी फाइल केली. पहिल्या पानावर अनुक्रमणिका, मग औषधं, कपडे, रोजचा कार्यक्रम. वेधशाळेच्या पानावर लिहिलं होतं: 'मोठ्या दुर्बिणीपाशी रांगेत उभं राहणं, प्रत्येकी तीन मिनिटं, चष्मा पुसून ठेवणं.' आणि वेधशाळेची रात्र मी ठरवली कोजागरीची. आकाश बघायची आमच्या घराण्याला माहीत असलेली रात्र तेवढी एकच. गच्चीवर सतरंजी, मसाला दूध, त्यात चंद्र. डोंगरावर तर चंद्र आणखी जवळ. थर्मास कोणी उचलायचा हेही मी लिहून ठेवलं.

ती फाइल मी फोनसमोर पान उलटत उलटत वाचून दाखवली आणि, ताई, तू खुर्चीतून खाली पडेपर्यंत हसलीस. मग डोळे पुसत मला दोन गोष्टी सांगितल्यास. एक, त्या मोठ्या दुर्बिणींना डोळा लावायला जागाच नसते, सगळं कॉम्प्युटरवर येतं आणि पाहुण्यांना दुर्बीण दिवसा नुसती बाहेरून दाखवतात. दोन, रात्री डोंगराच्या वाटेवर एक मार्गदर्शक आपली छोटी दुर्बीण लावतो, तिच्यातून शनी दिसतो. पण पौर्णिमेच्या सुमाराला तो दुर्बीण बाहेरच काढत नाही. चंद्राच्या उजेडात बाकी आकाश धुऊन निघतं.

"मग कधी काढतो?" मी विचारलं.

"अमावास्येला, आजी."

पंचांग काढलं. तुमच्या सुट्टीच्या एका टोकाला कोजागरी होती आणि दुसऱ्या टोकाला अमावास्या. ती अमावास्या म्हणजे सर्वपित्री.

आता आत्याआजीबद्दल सांगते, कारण इथून पुढे सगळं त्यांच्या हातात गेलं. त्या तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण, माझ्या वन्सं. चाळीस वर्षं आमच्याकडेच राहतात. वय ब्याऐंशी, दात स्वतःचे. घरातलं श्राद्धपक्ष, कुळाचार त्याच बघतात. तुमच्या बाबाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं: आत्याला एकटं ठेवून कोणी यायचं नाही, ती येणार असेल तरच तिकिटं. म्हणजे मला शनी दिसायचा की नाही, हे वन्सं ठरवणार होत्या.

मी त्यांना बेत सांगितला. त्या शेंगा सोलत होत्या.

"थांब, मला नीट समजू दे," त्या म्हणाल्या. "अमावास्येला जायचं."

"हो."

"तीही सर्वपित्री. घरातली गेलेली माणसं जेवायला यायच्या दिवशी आपण घराला कुलूप लावायचं."

"वन्सं, तसं नाही..."

"आणि अंधारात डोंगरावर चढून बघायचं काय? तर शनी! अगं, लोक तेल वाहतात त्याने बघू नये म्हणून. तू विमानाने जाऊन त्याच्या डोळ्याला डोळा लावणार?"

"मला फक्त त्याची कडी बघायची आहेत."

"मास्तरीणबाई, मला साडेसातीत दिसली की सगळी. विचार, सांगते."

आजोबा वर्तमानपत्राआड हसत होते. त्यांना त्यात बोलायचं नव्हतं. ते आयुष्यभर अक्कलकोट रोडच्या कारखान्यात सोलापुरी चादरींवर देखरेख करत आले, त्यामुळे कुठल्याही प्रवासाबद्दल त्यांचा एकच प्रश्न असतो: चादरी किती? या वेळी त्यांनी आठ काढून ठेवल्या होत्या. शिवाय अंधारात तिथे लाल उजेडच चालतो असं कळल्यावर जुन्या आकाशकंदिलाचा लाल कागद बॅटरीला बांधून ते संध्याकाळभर घरात फिरत होते आणि मोरीत दोनदा धडपडले होते.

मार्गदर्शकाने जागा राखून ठेवली होती, पण पंधरा दिवसांनंतरच्या रविवारी संध्याकाळपर्यंत नक्की कळवा, असं लिहिलं होतं. पहिला आठवडा वन्संनी हूं की चूं केलं नाही. मग एका दुपारी त्यांनी विचारलं, "तिथे कावळा आहे का?"

हा प्रश्न मी फाइलमध्ये घेतला नव्हता. पान वाढलं आणि कावळा शिवला नाही, तर पितर उपाशी गेले असं आमच्यात धरतात. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही शोधलंत आणि फोटो पाठवलात: त्या डोंगराच्या माथ्यावर, वेधशाळांच्या शेजारीच, काळा कुळकुळीत कावळा. चोच मात्र लालभडक.

वन्संनी फोन नाकापाशी धरला. "चोच रंगवलीय कोणी?"

"तिकडचा तसाच असतो म्हणे. कावळ्याच्याच कुळातला आहे."

"पान खाऊन आलाय जणू. गुरुजींना विचार."

गुरुजी स्कूटरवर होते. त्यांनी ती बाजूला घेतली आणि फोन स्पीकरवर टाकून वन्संनी स्वतःच विचारलं, "गुरुजी, लाल चोचीचा चालतो का?"

पलीकडे ट्रकचे हॉर्न. मग गुरुजी म्हणाले, "काय चालतो का?"

"कावळा!"

गुरुजींनी स्कूटर बंद केली. "अंग काळं आहे ना काकू?"

"आहे की."

"मग चालतो. तिथी तिथल्या सूर्योदयाची धरा."

"पण आत्याआजी," मागून, ताई, तुझा आवाज आला, कारण दुसऱ्या फोनवर तू होतीस, "तिथे पक्ष्यांना खायला घालू नका अशी पाटी आहे."

"मी घालणारच नाही," वन्सं म्हणाल्या. "मी माझं पान ठेवणार. त्याला पाटी वाचता येत असेल तर तो खाणार नाही."

इथे मला आशा वाटायला लागली आणि आशा वाटली की मी नियम करते. तीच माझी चूक. डोंगरावर रात्री पाचएक अंश तापमान असतं असं वाचलं होतं. ब्याऐंशीच्या बाईला ते सोसेल का, ही काळजी तुमच्या बाबालाही होती. मी कागद टाइप केला: 'जी व्यक्ती पाच अंश तापमानात सलग एक तास बसू शकणार नाही, ती डोंगरावर जाणार नाही. अपवाद नाही.' खाली तिघांच्या सह्या घेतल्या. वन्संनी सही करताना माझ्याकडे असं बघितलं की मला तेव्हाच समजायला हवं होतं.

मे महिन्यात सोलापुरात पाच अंश कुठून आणायचे? आजोबांच्या एका मित्राचं टेंभुर्णीला डाळिंबांचं कोल्ड स्टोअरेज आहे. त्या शेवटच्या रविवारी सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. बाहेर बेचाळीस अंश आणि आमच्या पिशवीत स्वेटर, मफलर, हातमोजे, कानटोप्या, चार चादरी. शेजारच्या बाई पिशवीकडे बघून म्हणाल्या, "कुटं काश्मीरला व्हय?"

"न्हाय, टेंभुर्णीला," वन्संनी त्यांच्याच भाषेत सांगितलं. त्यानंतर त्या बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या.

कोल्ड स्टोअरेजच्या माणसाने जाड दार उघडलं. आत डाळिंबांच्या क्रेटच्या भिंती. आम्ही तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून ओळीत बसलो. मी घड्याळ आणि तक्ता घेतला होता, दर दहा मिनिटांनी प्रत्येकाची अवस्था लिहायची म्हणून. दाराच्या काचेतून तिथले कामगार आळीपाळीने बघून जात होते.

दहाव्या मिनिटाला मी लिहिलं: 'वन्सं – ठीक. हे – ठीक. मी – ठीक.' विसाव्या मिनिटाला लिहिलं: 'वन्सं – चकली खात आहेत. हे – झोपले.' माझ्यापुढे काय लिहिलं ते मलाच वाचता आलं नाही. पेन नाचत होतं. दात इतके वाजत होते की आजोबा जागे झाले आणि त्यांनी कॉम्प्रेसर बिघडलाय का म्हणून विचारलं. बोटांची टोकं पांढरी पडली. बाविसाव्या मिनिटाला मी उठले, दार वाजवलं आणि बाहेर बेचाळीस अंशांत ओट्यावर जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला ते ऊन मायेचं वाटलं.

वन्सं एक तास पूर्ण करूनच आल्या. हातात एक डाळिंब होतं.

परतीच्या एसटीत आजोबा लगेच पेंगले. मी पर्स घट्ट धरून बसले होते. त्यात तो कागद होता, माझ्याच हातचा. अपवाद नाही.

मोहोळ गेल्यावर वन्सं म्हणाल्या, "काढ तो कागद."

काढला.

"नियम म्हणजे नियम. मी बघून येईन शनी आणि तुला सांगेन कसा आहे ते."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी डाळिंब पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "पोरींना तू सांगायचीस ना, बघितलाय म्हणून?"

मी दचकले. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

"आपली समोरची पोरगी तुझ्याच वर्गात होती की. घरी येऊन सांगायची, बाईंनी शनी बघितलाय, पिवळा आहे. मी म्हटलं, गेली असेल बाई कुठेतरी. पण चाळीस वर्षांत तू माझ्याशिवाय बार्शीलासुद्धा गेली नाहीस." त्यांनी माझ्या पर्समधलं पेन घेतलं. "बघायला किती वेळ लागतो?"

"एक-दोन मिनिटं."

त्यांनी 'एक तास' यावर काट मारली आणि हलत्या बसमध्ये वाकड्या अक्षरात 'बावीस मिनिटं' लिहिलं. "लई झाली. बाकीचा वेळ गाडीत बस चादर घेऊन." मग आजोबांना कोपर मारून उठवलं. "सही कर."

संध्याकाळी सहाला मी मार्गदर्शकाला होकार कळवला. सहा माणसं, एक पान.

पुढचं तुम्ही बघितलंच आहे. लाल चोचीच्या कावळ्याने पाटी वाचली नाही. वन्संनी पान ठेवून हात जोडायच्या आत तो वडा घेऊन गेला आणि वन्सं म्हणाल्या, "हे तर तुझे सासरे. असेच घाई करायचे." फक्त रात्रीची एक गोष्ट अंधारात तुमच्या लक्षात आली नसेल, म्हणून लिहिते. मी गाडीतून उतरून दुर्बिणीला डोळा लावला. एवढासा, स्वच्छ, कड्यांसकट, कोणीतरी कातरून चिकटवल्यासारखा. मार्गदर्शकाने इंग्रजीत विचारलं, पहिल्यांदाच बघताय का?

आणि मी, तीस वर्षांच्या सवयीने, म्हटलं, "नाही."

मागून चादरीतून वन्संचा आवाज आला, "काय विचारलं गं त्याने?"

"काही नाही," मी म्हटलं. "पिवळसरच आहे, वन्सं. या, बघा."