कानात वाचणारी मुलगी

ये गं, जवळ बस. मावशी आहे का गेली, बघायला तरी पनवेलला येत जा की! शिक्षिका व्हायचंय म्हणतेस, तर ऐक.

मी चाळिशीत शिकाऊ बाई झाले. कळंबोलीच्या शाळेत वर्षभर मोठ्या बाईंच्या हाताखाली पहिलीच्या वर्गात बसून शिकायचं, वर थोडं मानधनही मिळायचं. त्या वर्गात एका ट्रक ड्रायव्हरची मुलगी होती. कुणाशी म्हणून बोलायची नाही. एकदा मी मागे सतरंजीवर बसले होते, तर तिने माझ्या कानाशी तोंड आणून अख्खा धडा वाचला! मग रोजच वाचायची, पण फक्त माझ्या कानात. मोठ्या बाई हसायच्या, "जाताना तुझा कान इथेच ठेवून जा हो."

वर्ष संपलं आणि मला कोन गावच्या शाळेत नोकरी लागली. घरी पेढे वाटले. जूनमध्ये, वर्ग दुसरीत गेल्यावर, मोठ्या बाईंचा फोन आला, "अगं, मी रोज कान पुढे करते, ती मान फिरवते."

रजा काढून गेले, तर शाळेचा दाखलाही न घेता त्या मुलीचं बिऱ्हाड हललेलं. कुठे, कुणालाच ठाऊक नाही.

पुढे कितीतरी मुलांना वाचायला शिकवलं गं. ती पुन्हा कुणाजवळ वाचायला लागली का, एवढंच कळलं नाही.

तुझ्या वर्गातही असं कुणी भेटेल. भेटलं की मला सांगायला ये. लवकर ये.