आधी मामाजींचं बोरन्हाण

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे. आमच्या लेकीचा आधी आवाजच ऐकू आला. कुकरची शिट्टी झाली की रडणार, नवा चेहरा दिसला की त्याहून मोठ्यानं. "कान टोचले की सुधरते," पांढुर्ण्यात जो तो सांगून जाई. कान टोचले, उष्टावण झालं, ती होती तशीच.

माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. रजा संपत आलेली, सौंसरच्या शाळेत रुजू व्हायचं होतं. सासूबाई नाहीत, म्हणजे दिवसभर सांभाळायला एकटे सासरे, आमचे मामाजी. आणि लेक त्यांच्याकडे घटकाभर टिकेना. नोकरी सोडायचं मी मनाशी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

संक्रांतीनंतर बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, बोरं लुटायला टपलेली गल्लीतली पोरं. पहिली ओंजळ डोक्यावर यायच्या आतच तिनं असा टाहो फोडला की विचारू नका. "टाका बाप्पा पटकन, होते सवय," बायका म्हणाल्या.

मामाजी म्हणजे संत्र्याच्या व्यापारात जन्म काढलेला तापट माणूस. बायकांच्या कार्यक्रमात ते कधी फिरकत नाहीत. त्या दिवशी आले, टोपी काढून नातीशेजारी मांडी घालून बसले.

"पहिले माह्यावर टाका. तिले पाहू द्या."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पण टाकलं. टकलावरून बोरं, चुरमुरे, रेवड्या घरंगळल्या. लेक हुंदके देत पाहत राहिली. पुन्हा टाकलं, पुन्हा पाहिलं. मग हळूच तिनं त्यांच्या धोतरावरचे चुरमुरे मुठीत धरले. तिच्या डोक्यावर एकही बोर पडलं नाही. मामाजींनी पडूच दिलं नाही.

ते पाहून मी नोकरी सोडायचा विचार सोडला आणि रुजू झाले. शाळेचा पहिला दिवस कसा गेला ते माझं मला ठाऊक. संध्याकाळी बसमधून उतरून धावतच घर गाठलं.

"रडली का हो, मामाजी?"

"रडली ना. माय गेली तं लेकरू रडन नाही काय?"

"मग तुम्ही काय केलं?"

"काही नाही. बसलो जवळ. रडणं झालं, मंग तिनंच हात पुढं केले."

आता ती वर्षाची झाली. अजूनही नव्या माणसाला पाहून भोकाड पसरते, मग पाहते, मग जाते. घरात तिला कुणी सुधरवत नाही. मामाजींचे हे उपकार मी कसे फेडू? लहानपणी मीही अशीच होते, आणि रडणं संपेपर्यंत माझ्याजवळ कुणी बसलं नव्हतं.