बरी शे ना?

सटाण्याहून सासूबाईंचा फोन रोज सकाळी दहाला यायचा. पूजा आटोपली की पहिला नंबर आमचा, पंचवटीतला. मोबाइलला त्या हात लावत नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला, त्यांच्या अहिराणीत, "थोरली, बरी शे ना?" मी म्हणायची, "बरी आहे." बावीस वर्षं फोन माझ्या स्वयंपाकघराशेजारी होता आणि सासूबाई माझ्या होत्या.

जुनी तार सारखी बंद पडायला लागली, तेव्हा नंबर तोच ठेवून आम्ही इंटरनेटवरचा फोन घेतला. नवी वायर गच्चीवरून आली, म्हणून तिचा डबा वरच्या मजल्यावर, धाकट्या जावेच्या खोलीत बसला. फोन त्या डब्यालाच जोडायचा. झालं! आता दहाला फोन ती उचलायची.

तिचं माहेर बागलाणातलं. सासूबाईंशी ती घडाघडा अहिराणी बोलायची, हसायची, आणि खाली माझा नुसता जळफळाट. मग जिन्यातून हाक यायची, "ताई, आई बोलवताहेत." बाईसाहेबांचं पोटभर बोलून झाल्यावर उरलंसुरलं मला! मी म्हणायची, कामात आहे म्हणून सांग. महिनाभर रोज हेच सांगितलं.

एकदा वरून असा हशा आला की माझं डोकंच फिरलं. त्या फोनला वीज लागते, हे मला माहीत होतं. वरच्या खोलीचं बटण जिन्याखालच्या बोर्डावर आहे. दुसऱ्या दिवसापासून दहाला पाच कमी असताना मी ते बंद करायची आणि साडेदहाला चालू. खोटं कशाला बोलू, चार दिवस फार बरं वाटलं.

पाचव्या दिवशी दुपारी सासूबाई दारात उभ्या. ऐंशीच्या घरातली बाई एसटीने एकटी आली होती, घामाने निथळत. थोरली रोज कामात कशी असेल, ती आजारी आहे आणि सगळे लपवताहेत, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यात फोनही लागेना. पोरांना विचारावं तर ती खोटंच सांगणार, म्हणून स्वतःच निघाल्या. पिशवीही खाली न ठेवता त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"थोरली, बरी शे ना तू?"

"बरी शे," मी म्हटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तो शब्द माझ्या तोंडून आला.

फोनला काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं. जाऊ पाणी घेऊन आली होती. त्या चार दिवसांत वर लाईट नसताना खाली माझा मिक्सर फिरत होता, हे तिने ऐकलं नसेल होय?

"रोज लाईट जात होती, आई," ती म्हणाली. "ताई तरी काय करणार?"

माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तेवढ्यातही वाटलंच, हिला हेसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं जमतं.