मागची चाकं जमिनीवर नव्हती

ही गोष्ट मी आजवर अर्धीच सांगत आले. गाडी सरकली, ठोकळे लावले, सासरे सुखरूप उतरले, एवढंच. उरलेली अर्धी सांगायची हिंमत नव्हती म्हणून नाही सांगितली, दुसरं काही कारण नाही.

मी मोटरहोम चालवते. म्हणजे आत पलंग, शेगडी, बाथरूम असलेली मोठी गाडी. लोक कुटुंबासकट भाड्याने घेतात, कोकणात नाहीतर नाशिकला जातात, रात्री त्यातच झोपतात. गाडी शेठची, त्याचा कारखाना साकीनाक्याला, तिथेच या गाड्या बनतात. त्याआधी सहा वर्षं मी आणि नवरा टेम्पो चालवत होतो. नवऱ्याची कंबर गेली तेव्हा मी शेठकडे गेले आणि सरळ म्हटलं, मला शिकवा. तो हसला, पण शिकवलं.

गाडी चालवणं सोपं होतं. कठीण होतं ते गाडी उभी करणं. डॅशबोर्डवर उजव्या हाताला एक पाटी आहे, तिच्यावर चार जॅकची, वर-खाली दोन्हीकडे दाबता येणारी चार बटणं, मधे लेव्हल दाखवणारे दिवे, आणि एक ऑटोचं बटण. ऑटो दाबलं की चारही जॅक आपापले खाली येतात आणि गाडी पाटासारखी सपाट होते. उतार जास्त असला तर गाडी ऐकत नाही, लाल दिवा लावते आणि पिरपिर सुरू करते. कारखान्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने मला पहिल्या दिवशी तीनदा वदवून घेतलं होतं: आधी चाकांना लाकडी ठोकळे, मग जॅकच्या पायाखाली फळ्या, मग बटण. आणि उतारावर मागची चाकं कधीच उचलायची नाहीत, कारण हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. चाकं उचललीस तर ब्रेक हवेत, असं तो म्हणाला होता. मला कळलं होतं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

सासरे गिरणीत होते. गिरणी जाऊन जमाना झाला, पण खंडेनवमी त्यांच्या अंगातून गेली नाही. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात, आणि एकदा हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवसाची पूजा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. पाना नाही, स्क्रूड्रायव्हर नाही, विळीसुद्धा नाही. भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. आधी मी यावरून पुष्कळ वाद घातले. मग सोडून दिले.

त्या नवमीला मी सकाळी ट्रिपवरून परतले होते. कारखाना पूजेसाठी बंद, शेठ फोनवर म्हणाला की गाडी घरी ने, तिथेच हार घाल, उद्या आण. भांडुपला आमची वस्ती टेकडीवर. गल्ल्या अशा की रिक्षावालाही दोनदा विचार करतो. पण शाळेच्या मागे चढावर एक सिमेंटचा रुंद पट्टा आहे, सुट्टीत रिकामा. मी मागचा कॅमेरा लावून, बाजूच्या सेन्सरच्या टिटीकडे कान देऊन गाडी तिथे तोंड वर करून उभी केली. सगळी वस्ती बघायला आली होती आणि मी, खोटं का बोलू, भाव खात होते. पट्ट्याच्या खालच्या टोकाला कमरेएवढी भिंत आणि भिंतीखाली घरांची रांग. माझ्या मागच्या चाकांपासून भिंत वीसेक पावलांवर.

सासऱ्यांनी नातीला पाठवलं आणि गाडीतली हत्यारं मागवली. पूजेला बसवायला. चारही ठोकळे, चारही फळ्या, नट खोलायचा पाना. मी दिली. गाडी तर उभीच राहणार होती. गिअरमध्ये टाकली होती, हँडब्रेक ओढला होता, आणि जॅक लावायचा माझा विचारच नव्हता. दुपारी बाराच्या सुमाराला आमच्या घरात पाटावर माझे ठोकळे हळदकुंकू लावून बसले, वर झेंडू.

जेवणं झाल्यावर सासरे स्वतःहून आले. दोन वर्षं त्यांनी या गाडीकडे पाठ फिरवली होती. सुनेने ट्रक चालवावा, हे त्यांना पटलेलं नव्हतं. मोटरहोम म्हणायचेच नाहीत, ट्रकच म्हणायचे. त्या दिवशी काठी टेकत, दर दहा पावलांवर थांबून दम घेत आले आणि म्हणाले, "बघूया तरी, तुझा ह्या चाकावरचा घर कसा आसा ता."

मला काय झालं ते सांगता येणार नाही. इतका आनंद मला लायसन्स मिळालं तेव्हाही झाला नव्हता. मी त्यांना हाताला धरून आत घेतलं, शेगडी दाखवली, नळ सोडून दाखवला, पंखा लावला. ते मागच्या पलंगावर बसले आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या मोठ्या आरशात डोकावले. मग आडवे व्हायला गेले आणि अर्ध्यावरच उठले. त्यांची छाती कापसाने खाल्लेली. उशी उंच नसेल तर त्यांना श्वास पुरत नाही, आणि गाडीचं शेपूट उतारात असल्यामुळे पलंग तिरका झाला होता.

"असो तिरको कसो निजू मी? दम लागता माका," ते म्हणाले. आणि मग, उठता उठता, "ऱ्हावंदे. ट्रक तो ट्रकच."

बस्स, तिथे माझी सटकली. थांबा म्हटलं, आत्ता सरळ करते, बघाच तुम्ही. पुढे येऊन सीटवर बसले, चावी फिरवली, ऑटो दाबलं. लाल दिवा लागला, पिरपिर सुरू झाली. उतार जास्त. मी ऑटो बंद केलं आणि मागच्या दोन्ही जॅकची बटणं बोटांनी दाबून धरली. पाटीवरचे दिवे एकेक करत मधे सरकले. मधला हिरवा लागला. मागून आवाज आला, "हां, आता बरा." ते आडवे झाले. मी चावी बंद केली. उतरून चाकं बघणं हा नियम होता, आणि मी बघितली नाहीत. ठोकळे आणि फळ्या घरी पाटावर आहेत, हे माझ्या डोक्यात आलं नाही, असं मला म्हणायचं आहे. पण आलं होतं. थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे, असं म्हणून मी ते डोक्यातून काढून टाकलं होतं.

खाली उतरून मी बॉनेटवरचा हार सारखा करत होते. नवरा थर्मास घेऊन चढ उतरून येत होता. तेव्हा फरशीवरून लोखंडी कपाट ओढल्यासारखा आवाज आला आणि माझ्या हातातला हार माझ्यापासून लांब गेला. चार बोटं गेला असेल. गाडी मागे सरकली होती.

मी वाकून बघितलं. मागची चाकं जमिनीवर नव्हती. चाकाखालून पलीकडचं ऊन दिसत होतं. जॅकचे लोखंडी पाय गुळगुळीत सिमेंटवर घसरले होते, मागे पांढरे ओरखडे, आणि दोन्ही जॅक आता सरळ उभे नव्हते, कलले होते. पुढची चाकं मोकळी. अख्खी गाडी त्या दोन कललेल्या पायांवर उतारात उभी होती आणि आत माझे सासरे.

"वाट लागली," नवरा म्हणाला.

"ठोकळे आण," मी म्हटलं. "पूजेतले. पळ."

"पण आई..."

"अरे पळ ना, पाया पडते तुझ्या."

तो कंबर धरून पळाला. मी मागच्या खिडकीपाशी गेले, गाडीला हात न लावता. बाबा, म्हटलं, अजिबात हलू नका, कुशीवरसुद्धा वळू नका. आतून शांतपणे आवाज आला, "गाडी सुटली काय गो?"

माझ्याने खोटं बोलवेना. सुटेल असं वाटतंय, म्हटलं.

"मगे तू बाजूक हो," ते म्हणाले.

जेमतेम दोन मिनिटांचं अंतर आहे घराचं. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. मी त्या ओरखड्यांकडे बघत उभी होते, वाढतात का ते. नवरा आला तेव्हा त्याच्यामागे सासूबाई होत्या, पदर खोचलेला, दोन्ही काखेत एकेक ठोकळा, त्यावर कुंकू तसंच. नवरा दारातच घुटमळला होता म्हणे, देवाचं उचलू कसं म्हणून. त्यांनी त्याला बाजूला सारून पाटावरून स्वतः उचलले होते.

पुढच्या चाकांच्या मागे मी ठोकळे सरकवले, हाताने, ठोकायची हिंमत नव्हती. आता मागचे जॅक वर घ्यायचे होते, म्हणजे गाडी खाली बसेल, चाकं टेकतील, ब्रेक लागेल. पण बटणं आत. आणि जॅक उचलता उचलता त्यातला एक आधी सटकला तर ठोकळे धरतील की नाही, हे मिस्त्रीलाही सांगता आलं नसतं.

"मी जातो," नवरा म्हणाला. त्याला कुठलं बटण कुठलं ते माहीत नव्हतं. मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार हळूच उघडलं आणि पायरीवर पाय ठेवला.

आणि थांबले.

ही ती अर्धी गोष्ट. बटणं आठवत नव्हती म्हणून नाही, श्वास घ्यायला म्हणून नाही. मी चढाकडे बघितलं. वर शाळेच्या कोपऱ्यावर माझी मुलगी उभी होती, आठ वर्षांची, हातात झेंडूची पिशवी. आणि माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आलं की मी आत्ता मागे फिरले तर हिला आई राहील. आत एक म्हातारा आहे, छातीने अधू, दोन वर्षं माझ्या कामाला नावं ठेवणारा. त्यांना या तिरक्या गाडीत मी चढवलं होतं, जॅक मी लावले होते, आणि तरीही मी हा हिशेब केला. किती वेळ? नवऱ्याला कळला नाही इतका थोडा. मला मात्र तो पुरेपूर आठवतो.

मग मी चढले. चावी फिरवली. सगळी गाडी एकदम बोंबलायला लागली: दार उघडं, पट्टा नाही, जॅक खाली. मागच्या सेन्सरची टिटी सुरू झाली म्हणून कॅमेरा लावला, तर पडद्यावर नवरा, गाडीच्या बरोब्बर मागे, दोन्ही हात गाडीला लावून. जणू काही तो ती अडवणार होता. मी खिडकीतून ओरडले, "मागून बाजूला हो, मेल्या, बाजूला हो आधी." तो बाजूला झाला. पडद्यावर फक्त भिंत राहिली आणि भिंतीपलीकडची घरं.

मागची दोन्ही बटणं एकदम, वरच्या बाजूने. दाबली, सोडली. दाबली, सोडली. प्रत्येक वेळी गाडी एक आवंढा गिळल्यासारखी खाली यायची. तिसऱ्या वेळी उजवा जॅक किंचाळला आणि गाडी मागे गेली. माझा पाय ब्रेकवर होता, पण इंजिन चालू नव्हतं, पॅडल दगडासारखं घट्ट, आणि कशाचा काही उपयोग वाटत नव्हता. पुढची चाकं ठोकळ्यांवर चढायला लागली, लाकूड करकरलं. मी बटणं सोडली नाहीत. मग धप्प झालं, मागून माझ्या पाठीपर्यंत आलं, आणि गाडी उभी राहिली. चाकं टेकली होती.

मी चावी काढली आणि मागे गेले. सासरे पलंगावर सरळ झोपलेले, हात छातीवर. डोळे उघडे. मी त्यांना उठवलं, धरून खाली आणलं. पायरीवर बसल्यावर मी त्यांच्यावरच भडकले. कशाला मागवलीत माझी हत्यारं, कशाला म्हणालात ट्रक, असं काय काय. त्यांनी ऐकून घेतलं. सासूबाईंनी थर्मासमधला चहा ओतून आधी मला दिला.

संध्याकाळी मी शेठला फोन करून सगळं सांगितलं. त्याने महिनाभर मला गाडीवर घेतलं नाही, आणि बरोबर केलं. रात्री मला झोप लागली नाही. गाडीची भीती केव्हाच गेली होती. पायरीवरचा तो क्षण जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला मी सासऱ्यांसमोर गेले, आपट्याची पानं त्यांच्या हातात ठेवली आणि पाया पडायला वाकले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि नेहमी ठेवतात तसा लगेच उचलला नाही. घरात कोणी ऐकणार नाही अशा बेताने म्हणाले, "पायरीर तू थांबलंस ना, ता मी आरशात बगलंय. वायट वाटून घेव नको. तुका पोर आसा. थांबाकच होया होता."

मी वाकलेलीच राहिले. मला वर बघता येईना.